पाइप बँडमधील ड्रमवादन : पहिले वर्ष

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या मिरवणुकीत आपल्या मुलामुलींचा स्वतःचा पाइप बँड असावा, असा ठराव आज सभेपुढे यावयाचा आहे. त्याकरिता काही उदार कुटुंबांनी देणग्याही जाहीर केल्या आहेत. शाळेत असताना पुष्कळ वर्षे मुलांच्या बँडची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या एका ड्रमवादकापाशी बसून ही विद्या मी मुळाक्षरांपासून शिकलो. एवढ्याच अधिकारावर चिटणीसांनी मला बोलावयास उभे केले आहे. ठरावाला माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. परंतु त्याला एक उपसूचना जोडावी अशी माझी विनंती आहे. ती अशी की, पहिल्या वर्षी संघाने एकही ड्रम विकत घेऊ नये.

हे ऐकून बालमित्रांचे चेहरे उतरलेले मला येथून दिसत आहेत. त्यांनी थोडा धीर धरावा.

पाइप बँड ही मूळची स्कॉटलंडची वस्तू. तेथील डोंगराळ मुलखातील पलटणींत बॅगपाइप वाजविणारे आणि ड्रम वाजविणारे पूर्वी निरनिराळे असत. ड्रमचे काम मुख्यतः हुकूम पोहोचविण्याचे आणि पावले जुळविण्याचे होते. एकोणिसाव्या शतकात ही दोन्ही वाद्ये एका रांगेत आली आणि आजचा पाइप बँड जन्मास आला. पुढे तो लष्कराबाहेर पोलिसांत, कारखान्यांत, गावागावांत पसरला. त्यांची संघटना १९३० साली स्थापन झाली आणि तिच्या विद्यमाने ग्लासगो शहरी दरवर्षी जागतिक स्पर्धा भरते. त्या स्पर्धेत चार परीक्षक असतात. दोघे पाइपवादन ऐकतात, एक जण सगळ्या मेळाचा एकजीवपणा पाहतो, आणि उरलेला एक केवळ ड्रमवादनाचेच गुण देतो. ड्रमला तेथे किती मान आहे हे यावरून ध्यानात येईल. आपल्याकडे ही परंपरा लष्करामार्फत आली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात पलटणींचे पाइप आणि ड्रम आपण दूरदर्शनवर पाहतोच. बेळगावास केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीतही पाइप आणि ड्रम आहेत. म्हणजे हे वाद्य मराठी माणसाच्या खांद्याला अगदीच परके नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. बॅगपाइप हे वाद्य मोठे हट्टी आहे. त्याच्या मुख्य नळीतून अवघे नऊ स्वर निघतात आणि खांद्यावरच्या तीन नळ्या एकच आधारस्वर अखंड धरून बसतात. पिशवीतील हवा एकसारखी वाहत असल्यामुळे वादकाला मध्येच थांबता येत नाही, आणि एखादा स्वर हळू व दुसरा मोठा असेही करता येत नाही. आपला सनईवाला फुंक आवरून सुरांत जो चढउतार आणतो, तो येथे अशक्य. मग गाण्यात जोर कोठे, विसावा कोठे, लाट चढते कोठे आणि ओसरते कोठे, हे श्रोत्यास कळावे कसे? ते काम ड्रमचे. म्हणून पाइप बँडमधील ड्रमवादक नुसता ताल धरीत नाही. प्रत्येक चालीसाठी वेगळी रचना बांधलेली असते. पाइपला जे बोलता येत नाही ते ती बोलते. ठोका सर्वत्र सारख्याच जोराने आदळणारा मुलगा बँडमध्ये असून नसल्यासारखाच.

या बँडात ड्रम तीन प्रकारचे असतात. मोठा बेस ड्रम सगळ्यांच्या पावलांचा कणा. टेनर ड्रम मधल्या आवाजाचा. त्याचे वादक मऊ गोंड्याच्या काठ्या हवेत फिरवितात ते पाहून टाळ्या पडतात. पण खरे कष्टाचे वाद्य म्हणजे साइड ड्रम, आणि आजचे माझे बोलणे त्याच्यापुरतेच आहे. त्याच्या पडद्याला लागून तारांचा जुडगा ताणलेला असतो, त्यामुळे आवाज कोरडा, कडक आणि तुटक येतो. पूर्वी पडदा वासराच्या कातड्याचा असे आणि पावसाळी हवेत तो सैल पडे. हल्ली तो कृत्रिम धाग्यांचा असतो व इतका ताणतात की त्यावर झालेली बारीकशी चूकही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. माझ्या उपसूचनेचे पहिले कारण हेच. नवशिक्याच्या हाती असा ड्रम दिला की दोनांपैकी एक गोष्ट होते. एक तर तो आवाजाला भुलून हात बिघडवून घेतो, नाही तर शेजारीपाजारी दुसऱ्या आठवड्यात त्याचा सराव बंद पाडतात.

म्हणून आरंभ करावयाचा तो रबरी पाटीवर. लाकडी फळीवर जाड रबराचा तुकडा चिकटविला की पाटी तयार. आपल्या सुताराकडूनही ती करून घेता येईल. पाटीवर आवाज बेताचा होतो आणि दोन हातांतील फरक लपत नाही. काठ्यांची जोडी मात्र चांगली घ्यावी. दोन्ही काठ्या वजनाला सारख्या आणि सरळ असाव्यात. मेजावर लोळवून पाहिले की वाकडी काठी लगेच ओळखू येते.

पहिला धडा काठी धरण्याचा. उजव्या हातात अंगठा आणि तर्जनीच्या पेराच्या चिमटीत काठी धरावयाची, बाकीची बोटे तिच्याभोवती हलकी ठेवावयाची. डाव्या हाताची रीत निराळी. तळवा आत वळलेला, काठी अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातून निघून अनामिकेवर टेकलेली. मुले विचारतात, "गुरुजी, दोन्ही हात सारखे का नाही?" उत्तर जुन्या सवयीत आहे. पूर्वी ड्रम पट्ट्याने खांद्यावरून लोंबकळत असे आणि डाव्या मांडीकडे तिरका होई. त्याच्या उंचावलेल्या कडेवरून डावा हात नेण्यास हीच पकड सोयीची होती. आता ड्रम छातीवरच्या चौकटीत सपाट बसतो, तरी पकड राहिली आहे. पंक्तीच्या शिस्तीत ती शोभते आणि जाणत्यांचा हात तीवर बसलेला असतो.

त्यानंतर कळावयास हवे ते हे की, काठी आपटावयाची नसते. ती सोडावयाची, आणि उसळून वर आलेली झेलावयाची. मनगट मोकळे, कोपर अंगालगत, खांदा स्वस्थ. ढोलताशा पथकात वाजविलेली मुले येतात तेव्हा त्यांना लय उत्तम असते. ताशाची तर्री ज्याच्या कानात बसली त्याला निम्मी शाळा झालेलीच असते. परंतु उजवा हात बलवान आणि डावा दुबळा ही खोड घालवावयास त्यांना महिना लागतो. उजव्याने आठ, डाव्याने आठ, काठी दर वेळी सारख्याच उंचीवर. समोर आरसा ठेवावा. एवढेच पंधरा दिवस. कंटाळवाणे आहे, मी नाकारीत नाही. लिहिण्यापूर्वी आपण पाटीवर रेघोट्या आणि गोल गिरविले, तद्वतच हे.

मग मुळाक्षरे सुरू होतात. एकेरी ठोके म्हणजे उजवा, डावा, उजवा, डावा. दुहेरी ठोके म्हणजे उजवा, उजवा, डावा, डावा. इंग्रज सैन्यात याला जुन्या काळापासून डॅडी-मॅमी म्हणतात आणि हे नाव सांगितले की वर्गात हमखास हशा पिकतो. दुहेरीत दुसरा ठोका नेहमी मरतो. त्यावर उपाय एकच, काही दिवस मुद्दाम दुसऱ्यावरच जोर द्यावा. तिसरे अक्षर पॅराडिडल. उजवा, डावा, उजवा, उजवा. लगेच उलट, डावा, उजवा, डावा, डावा. 'पॅ-रा-डि-डल' असे तोंडाने म्हटले की हात आपोआप चालतो. आपले तबलजी आधी बोल पढतात आणि मग हात लावतात. स्कॉटलंडमधील उस्तादही आपल्या रचना तोंडाने म्हणून शिकवितात. जे मुखाने येत नाही ते हाताने येत नाही, हे ज्याने दोन्ही प्रकार पाहिले त्याला पटेल.

फ्लॅम म्हणजे मुख्य ठोक्याच्या किंचित आधी दुसऱ्या हाताचा हलका स्पर्श. दोन्ही एकदम पडले तर तो फ्लॅम नव्हे आणि फार अंतराने पडले तरी नव्हे. ड्रॅगमध्ये अशा हलक्या स्पर्शांची जोडी असते. सर्वांत अवघड रोल. ऐकणाऱ्याला ती एक सलग सळसळ वाटते आणि नवशिका समजतो की हात थरथरविला म्हणजे झाले. वस्तुतः एका मात्रेत हात किती वेळा हलावयाचे ते मोजलेले असते. प्रथम दुहेरी ठोक्यांनी पाचाचा रोल मोकळा वाजवावा, उजवा, उजवा, डावा, डावा, उजवा, मग सातांचा. हातांची चाल पक्की झाली की काठी पाटीवर किंचित दाबून तिला पुष्कळ वेळा उसळू द्यावयाचे, आणि मग ठोके एकमेकांत मिसळून जातात. पाइप बँडला हाच मिटलेला रोल लागतो. बँड सुरू होतानाही प्रथम ऐकू येतात ते ड्रमचेच दोन रोल, तीन तीन मात्रांचे; त्यांतल्या दुसऱ्यावर पाइपांचा आधारस्वर उठतो आणि पाठोपाठ चाल. हे दोन रोल फाटके झाले की पुढचे सगळे फाटते.

लयमापक यंत्र आज मोबाइलवर फुकट मिळते. ते मिनिटाला साठ ठोक्यांवर लावावे आणि हात स्वच्छ झाल्याखेरीज पुढे सरकवू नये. दिवसाला वीस मिनिटे पुरेत, मात्र खाडा नको. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. शुद्धलेखनाचेही तसेच असते, हे माझे जुने विद्यार्थी येथे बसले आहेत ते सांगतील.

वाचनाचेही दोन शब्द सांगतो. पाइप बँडच्या ड्रमचे लेखन एकाच आडव्या रेघेवर होते. उजव्या हाताचा ठोका रेघेच्या वर, डाव्याचा खाली. ही सुटसुटीत पद्धत स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरचे डॉ. फ्रिट्झ बर्गर यांची. तेथील ड्रमवादनाची परंपरा फार जुनी आहे, आणि स्कॉटलंडचे थोर ड्रमवादक अ‍ॅलेक्स डुथार्ट यांनी त्या परंपरेतील पुष्कळ बोल आपल्या वादनात आणले. डुथार्ट १९८६ साली निवर्तले; आज जगभर जे पाइप बँडचे ड्रमवादन ऐकू येते त्यावर त्यांची छाप आहे. आपल्या मुलांना हे लेखन अवघड जाऊ नये. शिरोरेघेच्या वर मात्रा आणि अक्षराखाली उकार वाचावयाची त्यांच्या डोळ्यांना सवय आहेच.

एवढे झाले की उभे राहून पाय हलवावयाचे. जागच्या जागी कदमताल, पहिल्या मात्रेवर डावा पाय, आणि हातात पॅराडिडल. बसून बिनचूक वाजविणारी निम्मी मुले येथे अडखळतात. हात पायांमागे धावू लागतात. मिरवणुकीत वाजवावयाचे तर हा धडा टाळता येत नाही, आणि म्हणूनच मी वर्ष मागतो आहे. पुढच्या वर्धापनदिनी आपली मुले रबरी पाट्या घेऊन व्यासपीठावर बसतील आणि दहा मिनिटांचे वादन करतील. ड्रम त्यानंतर घ्यावेत, आणि तेही वर्षभर जी टिकतील त्यांच्यापुरतेच. जमलेल्या देणग्यांचा पहिला खर्च शिक्षकाच्या मानधनावर व्हावा.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. आपल्यांतील काही वडीलधाऱ्यांनी मला आडून विचारले की, वाजंत्र्यांचे काम आपल्या मुलांनी कशाला करावे? त्यांच्या वयाचा मान राखून मी स्पष्ट बोलतो. हलगी, ताशा आणि सनई वाजविणाऱ्यांच्या हातात जी विद्या आहे ती मिळवावयास उभे आयुष्य लागते. आपल्या घरची लग्ने त्यांच्यावाचून कधी लागली नाहीत, तरी त्यांना मांडवाच्या कडेला बसविण्याची रीत आपणच पाळली. त्यात दोष वाजविणाऱ्याचा नव्हता. आपली मुले चार महिने डाव्या हाताशी झगडली की हलगीवाल्याच्या बोटांकडे ती निराळ्या नजरेने पाहतील, अशी माझी खात्री आहे. सैन्यातील निवृत्त ड्रमवादक आपल्या भागात आहेत. ज्याला बोलवावयाचे त्याची विद्या पाहावी, ज्ञाती विचारू नये, आणि मुलांनी त्याला गुरुजी म्हणावे व पंक्तीत आपल्या शेजारी पाट मांडावा. हे मान्य नसेल तर बँड काढूच नये, असे माझे मत आहे.

मुलींविषयीही विचारणा झाली. शालेय बँडच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलींच्या पाइप बँडचा स्वतंत्र गट असतो. मनगटाला जे लागते ते मोकळेपण, बळ नव्हे. माझ्या वर्गात उत्तम रोल दोन मुलींचे होते. तेव्हा अर्ध्या पाट्या त्यांच्यासाठी राखाव्यात, एवढीच सूचना.

ठराव चहापानानंतर मतास पडेल. तोवर त्या कोपऱ्यातील मेजावर मी चार रबरी पाट्या आणि काठ्यांच्या चार जोड्या ठेवल्या आहेत. बालमित्रांनी रांगेने यावे. ज्या पालकांना हे काम सोपे वाटते त्यांनीही यावे आणि आधी डाव्या हाताने आठ ठोके सारख्या उंचीने देऊन दाखवावेत.