मध्यमवयीन हृदय आणि दीर्घकालीन व्यायाम

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी मला आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी काहीसा संकोचलो. वैद्यकाची पदवी मजपाशी नाही. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि सारी हयात खडू-फळ्यापुढे घालविली. तथापि निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि त्या वाचनात एक गोष्ट अशी आढळली की ती आपल्या कानांवर घातल्यावाचून राहवेना. आपल्यापैकी जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांनी ती विशेष लक्षपूर्वक ऐकावी.

ही गोष्ट अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरी घडली. सन १९६६ मध्ये तेथील डॉक्टरांनी विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले. कसलेही श्रम नाहीत, उठणे-बसणे नाही. तीन आठवड्यांनी पाहतात तो, कष्टाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चतुर्थांशाहूनही अधिक घटलेली! पुढे ३० वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा तपासण्यात आले. आता ते पन्नाशीचे गृहस्थ झाले होते. वजने वाढली होती, अंगावर मेद चढला होता. तरीही ३० वर्षांच्या वार्धक्याने त्यांची जेवढी क्षमता नेली, तिच्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने नेली होती. मग सहा महिने त्यांच्याकडून चालणे, संथ धावणे, सायकल असा क्रमाक्रमाने वाढता व्यायाम करवून घेतला, आणि सरासरीने ते विशीतील आपल्या मूळ क्षमतेला जाऊन पोहोचले.

पाच माणसांवरून सिद्धान्त बांधू नये, हे मी वर्गात मुलांना शिकवीत असे. म्हणून त्याच शहरातील पुढचा प्रयोग सांगतो. तो समजण्यासाठी हृदयाची थोडी ओळख हवी. हृदयाची डावी जवनिका आकुंचन पावून रक्त साऱ्या शरीरात ढकलते, हे आपण सारे जाणतो. परंतु ढकलण्यापूर्वी तिला भरावे लागते, आणि भरण्यासाठी सैल होऊन ताणावे लागते. माझ्या लहानपणी विहिरीवर चामड्याची मोट असे. ओली, मऊ मोट पाण्याने टच्च फुगे. उन्हात वाळून कडक झालेली मोट फुगत नसे, पाणीही कमी आणी. बैठ्या आयुष्यात मध्यमवयापासून जवनिकेची अशीच गत होऊ लागते. ती ताठर झाली की भरताना आतील दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांवर येतो, आणि पुढे उतारवयात माणूस जिना चढतानाच धापा टाकू लागतो.

हा ताठरपणा परत फिरविता येतो काय? ४५ ते ६४ वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या ६१ निरोगी स्त्री-पुरुषांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने दोन वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस दमश्वासाचा व्यायाम केला. आरंभ अर्ध्या तासाच्या बेताच्या व्यायामाने झाला. पुढे मात्र चार मिनिटे चांगली धाप लागेपर्यंत जोर करावयाचा, तीन मिनिटे संथ व्हावयाचे, असे चार फेरे त्यात आले. शिवाय आठवड्यातून एकदा तासभर चालणे, सायकल किंवा नृत्यसुद्धा! दुसऱ्या गटाने योगासने, तोल सांभाळण्याचे व्यायाम व वजने उचलणे एवढेच केले. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाची क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि त्यांच्या जवनिकेचा ताठरपणा स्पष्टपणे उतरला. दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही. आसने मीही करतो, आणि सांधे व मन यांसाठी त्यांचे मोल मी जाणतो. पण या एका कामी ती पुरी पडली नाहीत, हे मान्य करावयास हवे.

देवदर्शनास चालत जातो, तेवढे पुरे, असे आपल्यात पुष्कळजण म्हणतात. ज्यांनी २५ वर्षे नेमाने व्यायाम केला अशा वृद्धांच्याही तपासण्या तेथे झाल्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस करणाऱ्यांची जवनिका बैठ्या माणसांइतकीच ताठर निघाली. चार-पाच दिवस करणाऱ्यांची मात्र लवचिक राहिली होती.

आता जी गोष्ट मला स्वतःला झोंबली ती सांगतो. ६५ च्या पुढील बैठ्या माणसांकडून वर्षभर असाच व्यायाम करवून घेतला, तेव्हा त्यांचा दम वाढला, पण ताठरपणा जवळजवळ होता तसाच राहिला. मी आज ६६ वर्षांचा आहे. वर्गात दिवसभर उभा राहतो, हाच आपला व्यायाम, अशा समजुतीत मी पन्नाशी घालविली. आता रोज टेकडी चढतो, दम वाढला आहे. परंतु हृदयाची जी कळी तेव्हा उमलली असती ती आता उमलणे कठीण. आपल्यापैकी जे दुकानाच्या गादीवर किंवा कचेरीच्या खुर्चीवर पन्नाशी गाठीत आहेत, त्यांच्यापाशी ती वेळ अद्याप आहे.

अतिरेकही नको. स्वीडनमध्ये बर्फावरून घसरत जाण्याची ९० किलोमीटरांची एक जुनी शर्यत आहे. तिच्यातील सुमारे ५२,००० स्पर्धकांची माहिती पाहता, ज्यांनी अनेक शर्यती पुऱ्या केल्या किंवा जे अतिवेगाने धावले, त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. आपल्याला मात्र हे भय दाखवून कोणी घरी बसू नये; आपण त्या टोकापासून फार दूर आहोत! मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि चाळिशी उलटलेल्या साऱ्यांनीच आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. छातीत दुखले, घेरी आली, तर तत्क्षणी थांबावे.

भगिनींविषयी एक शब्द. घरकाम हाच बायकांचा व्यायाम, असे आपण पुरुष मोठ्या सोयीने म्हणतो. घरकामाने अंग शिणते, पण चार-चार मिनिटे धाप लागेल असे त्यात क्वचितच काही असते. डॅलसच्या प्रयोगात स्त्रियाही होत्या. तेव्हा सकाळचा तो एक तास घरातील स्त्रीला मोकळा मिळावा, आणि तेवढा वेळ चहाचे आधण पुरुषांनी ठेवावे.

अध्यक्षमहाशयांनी अनुमती दिली आहे. येत्या रविवारपासून सकाळी ६ वाजता मी मंडळाच्या कार्यालयाच्या दारात उभा राहीन. तेथून टेकडीवर जावयाचे. आपल्या ज्ञातीतील डॉक्टर मंडळींनी पहिल्या दिवशी सर्वांचा रक्तदाब पाहण्याचे कबूल केले आहे. येताना पायांत चपला नकोत, बूट असावेत.