काठावरची पट्टी

मोटारीमागे जोडायचं, दोन माणसं झोपतील एवढं ट्रेलरचं घर स्वतः बांधण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. १९४७ साली तर ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकानं थेंबाच्या आकाराच्या अशा ट्रेलरचे आराखडेच छापले होते.

माझा भाचा तिकडे असा ट्रेलर बांधतो आहे. बाजू प्लायवूडच्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. दोघं भेटतात त्या काठावर तो सध्या पट्टी बसवतोय. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटते, पण सारं घर तिच्यावर टिकतं. प्लायवूड पाणी पितं ते काठातून. मग थर सुटतात, लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून पट्टीखाली ब्यूटाइल रबराची चिकट फीत घालतात. लाकूड ओलीनं फुगतं, पत्रा उन्हानं वाढतो. कडक भरणी त्या ओढाताणीत तडकते. ही फीत मऊच राहते. स्क्रू आवळले, की ती कडेनं बाहेर येते. उन्हात तापल्यावर स्क्रू पुन्हा आवळायचे, मगच जादा भाग कापायचा.

मी म्हटलं, “एका पट्टीला इतके दिवस?”

तो म्हणाला, “मामू, पहिल्या प्रवासाला अम्मीला नेणार आहे. रात्री पाऊस आला, तर तिची झोप मोडायला नको.”