ठाऊक नाही



चालकांचे निमंत्रणपत्र आले तेव्हा त्यात विषयाची जागा कोरी होती. ‘आपणांस रोजच्या जीवनाविषयी जे वाटेल ते बोला,’ असे त्यांनी लिहिले होते. निवृत्त शिक्षकाला एवढी मोकळीक देणे धोक्याचे असते. जन्मभर घंटा झाली की थांबायची त्याला सवय असते आणि येथे तर घंटा नाही! मी उलट टपाली विषय कळवला, ‘ठाऊक नाही’. दोन दिवसांनी निरोप आला, ‘विषय अजून ठरला नसेल तर हरकत नाही; पण पत्रिका छापायला जायची आहे, शनिवारपर्यंत कळवावे.’

विषय ठरलेला होता. ‘ठाऊक नाही’ हाच तो विषय. हे दोन शब्द आपल्या बोलण्यातून हळूहळू नाहीसे होत आहेत, आणि त्यांच्या जाण्याने आपले नुकसान होत आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. त्यात पांडित्य नाही. एका माणसाची मते आहेत, आणि त्यातले एक मत बनायला मला फार मोठी किंमत पडली आहे. तिच्याकडे मी ओघाने येईनच.

आपण सारे गूढाच्या शेजारीच राहतो. नवी मोटार घेतली की तिचा विमा उतरवतात आणि तिला लिंबू-मिरचीही बांधतात. म्हणजे माणूस दोन्ही खिडक्यांवर हप्ता भरतो. एकाने भागले नाही तर दुसरे आहेच! मांजर आडवे गेले की मीही थांबतो. माझ्या मित्रांना वाटते, मास्तर विज्ञान शिकवून शिकवून शेवटी पाघळले. तसे नाही. मी मांजरासाठी थांबतो. त्यालाही कोठे तरी जायचे असतेच. असल्या लहानसहान गोष्टींवरून कोणाशी वाद घालावा, असे मला आता वाटत नाही. पूर्वी वाटत असे.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पूर्वी एखादे कोडे पडले तर माणसे ओसरीवर बसून चार दिवस त्याचा काथ्याकूट करीत. कोणी म्हणे असे असेल, कोणी म्हणे तसे असेल, आणि शेवटी कोणीतरी सुपारी कातरत म्हणे, ‘कोण जाणे बुवा!’ आता खिशातला फोन कोणालाही तसे म्हणू देत नाही. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गुढीपाडव्याचा दिवस होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशात पेटते गोळे एका रांगेत सरकताना पाहिले. तासाभरात माझ्या फोनवर पाच उत्तरे येऊन पडली. उल्का, पेटलेले विमान, शत्रूचे क्षेपणास्त्र, परग्रहावरचे पाहुणे आणि नव्या वर्षाचा शुभशकुन! गंमत अशी की पाचही जणांना खात्री होती. ‘ठाऊक नाही’ असा निरोप मात्र एकाचाही आला नाही.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी, दोन-तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे आकाशातून येऊन पडले. ते कोणाच्या डोक्यावर पडले नाही, हे आपले भाग्य. पुढे जाणकारांनी हिशेब मांडला, की २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी अग्निबाणाचा एक टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहिला होता, तोच वातावरणात शिरून जळाला असावा. ‘असावा’ हा शब्द त्यांनी वापरला होता, हे मी मुद्दाम सांगतो. ज्यांनी आयुष्य आकाश पाहण्यात घालवले ते ‘असावा’ म्हणतात, आणि ज्यांनी गच्चीवर जाऊन दोन मिनिटे पाहिले ते ‘आहेच’ म्हणतात!

आता हे सगळे ऐकून आपणांस वाटेल, की हा मास्तर भोळ्या लोकांची चेष्टा करण्यासाठी उभा राहिला आहे. नाही. मला माझी स्वतःची गोष्ट सांगायची आहे.

२१ सप्टेंबर १९९५. गुरुवार होता, पितृपंधरवडा चालू होता. गणपती दूध पितो, अशी बातमी पहाटे दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत टेलिफोनवरून देशभर आणि देशाबाहेरही पोचली. देवळांपुढे रांगा लागल्या. मी तेव्हा आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे, आणि माझ्या घरी माझी आत्या होती. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवले ते या आत्याने. तिचे शिक्षण दुसरी इयत्तेपर्यंत. ती दुपारी वाटी-चमचा घेऊन देवळात गेली आणि दोन तासांनी परत आली, ती अशी उजळलेली, की तिचा तो चेहरा मला आजही दिसतो. ‘अरे, माझ्या हातून प्यायला रे!’ एवढेच ती म्हणाली.

मी काय केले? मी स्वयंपाकघरातला वरवंटा धुऊन पाटावर उभा ठेवला, चमचाभर दूध घेतले आणि चमचा वरवंट्याच्या कडेला टेकवला. दूध कमी होऊ लागले. वरवंटाही दूध पितो! मी मोठ्याने हसलो. शेजारची दोन मुले बोलावून त्यांनाही तो प्रयोग दाखवला, आणि तीही हसली. आत्या शांतपणे पाहत होती. मग तिने विचारले, ‘बरे, मग दूध चमच्यातून बाहेर येते कशाने?’

मी म्हणालो, ‘पृष्ठताणाने.’

‘ते त्याचे नाव झाले. होते कशाने, ते सांग.’

बंधुभगिनींनो, मी विज्ञानाचा पदवीधर, पण मला ते सांगता आले नाही. पाठ्यपुस्तकातला शब्द माझ्याजवळ होता, पण त्या शब्दाच्या आत मी कधी शिरलोच नव्हतो. ‘तुला नाही कळायचे,’ असे म्हणून मी बाहेर निघून गेलो. वास्तविक तेव्हा म्हणावयाचे शब्द दोनच होते, ‘ठाऊक नाही’; आणि त्यांच्यापुढे ‘बघून सांगतो’.

पुढे मी ते पाहिले. चमचा काठोकाठ भरला, की दूध काठाच्या किंचित वर फुगून राहते, पण सांडत नाही. कारण आतल्या कणांना चहूकडून ओढ असते, तर वरच्या थरातल्या कणांना फक्त आजूबाजूची आणि आतली. त्यामुळे वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. त्या फुगवट्याला सोंडेचे टोक लागले, की दूध दगडाला चिकटते, पडदा तेथे मोडतो आणि बारीक धार सुरू होते. पाजणाऱ्याचा हात नकळत थोडा कलतो, आणि पुढचे काम दुधाचे वजनच करते. ओघळ इतका पातळ असतो, की पांढऱ्या संगमरवरावर तो दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा तो ओघळ सगळ्यांना दिसला. हे सारे समजल्यावर मला ती गोष्ट अधिकच नवलाची वाटली. पण ते सांगायला मी आत्याकडे गेलो नाही. वाद मी जिंकला होता, मग सांगायचे कशाला?

चार वर्षे गेली. आत्या वाळत चालली आहे हे आम्हांला दिसत होते, पण ‘वय झाले’ असे म्हणून ती विषय टाळी. एक दिवस ती न्हाणीघरात भोवळ येऊन पडली आणि डॉक्टरांकडे न्यावे लागले. तेव्हा कळले, की तिच्या छातीत गाठ होती, आणि ती तिला पावणेदोन वर्षांपासून ठाऊक होती. जवळच्या वाडीतल्या एका देवऋष्याकडून ती दर अमावस्येला अंगारा आणीत होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन फार काही बोलले नाहीत. ‘उशीर झाला,’ एवढेच म्हणाले.

मी रुग्णालयात तिच्या उशाशी बसून विचारले, ‘आत्या, मला का नाही सांगितलेस?’ ती म्हणाली, ‘सांगणार होते रे. दोनदा जिभेवर आले. पण आधी अंगारा लावला होता ना; ते कळले असते तर तू हसला असतास.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मुलगा कसा आहे हे आईला माहीत असते, तशा सुरात ती ते बोलली. पाच महिन्यांनी ती गेली.

त्या देवऋष्याला मी पुष्कळ वर्षे शिव्या दिल्या, आणि त्या योग्यच होत्या. अशा लोकांना कायद्याचा धाक हवाच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर वटहुकूम निघून वर्षअखेर कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. हे फार मोठे काम झाले. पण कायदा देवऋष्याचा दरवाजा बंद करील. माझ्या घरातला जो दरवाजा मी माझ्या हसण्याने बंद केला होता, तो कोणता कायदा उघडणार? आत्या त्या वाडीत गेली, कारण तेथे तिला कोणी हसत नव्हते. फसवणारा माणूस नेहमी आदराने बोलतो, हे आपण शहाण्या माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे तो हसत नाही; त्याला वेळच नसतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहा. पाऊणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचे, कातळात कोरल्यासारखे ते गोल विवर पाहून पूर्वजांनी विचारले, हे झाले कशाने? त्यांनी उत्तर दिले, की येथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले. त्या दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर लोणार गावात आजही उभे आहे. मग अभ्यासक आले. पुष्कळांना वाटले, की हे ज्वालामुखीचे तोंड असावे. पुढे तेथल्या खडकात अशी काच सापडली, की जी प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होते. १९७३ साली ते प्रसिद्ध झाले आणि आकाशातून आलेल्या अशनीने हे विवर पाडले, हे मत पक्के होत गेले. हा आघात केव्हा झाला? एका पद्धतीने मोजले तर वय सुमारे पन्नास हजार वर्षे येते. पुढे दुसऱ्या पद्धतीने मोजले तेव्हा ते सुमारे पाच लाख सत्तर हजार आले. म्हणजे दहापटींहून अधिक तफावत! माझ्या वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर एवढे चुकले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. येथे मात्र कोणी कोणाला उभे केले नाही. दोन्ही आकडे टेबलावर ठेवून लोक पुन्हा खडकाकडे वळले.

त्याच तळ्याचे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले. त्या टाळेबंदीच्या दिवसांत लोकांची मने आधीच धास्तावलेली. कोणी प्रलय म्हणाले, कोणी कोप म्हणाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्म जीव सापडले. नमुना स्थिर ठेवला तेव्हा ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी पुन्हा नितळ झाले. आता मला सांगा, कारण कळल्याने त्या गुलाबी तळ्याचे नवल कमी झाले का? माझे तरी वाढले.

तात्पर्य सांगायचे तर, मी दोन प्रकारच्या माणसांना भितो. एक, ज्याला प्रत्येक गोष्टीत चमत्कार दिसतो तो. आणि दुसरा, ज्याला कोणत्याच गोष्टीचे नवल वाटत नाही तो. दोघांचीही उत्तरे तयार असतात. मी बरीच वर्षे दुसऱ्या प्रकारचा होतो, म्हणून त्याच्याविषयी अधिकाराने बोलतो.

आत्या गेल्यावर माझ्या वर्गात मी एकच बदल केला. भूत पाहिले म्हणून सांगत कोणी मूल आले, की मी पहिल्याने विचारी, ‘तू काय काय पाहिलेस ते सांग.’ ते पुरते ऐकून घेतल्यावर विचारी, ‘असे आणखी कशाकशाने होऊ शकेल?’ पुष्कळदा मूल स्वतःच उत्तर शोधी. कधी कधी आम्हां दोघांनाही ते सापडत नसे. तेव्हा मी फळ्यावर प्रश्न लिही आणि त्याच्यापुढे ‘ठाऊक नाही’ असे लिहून, खाली तारीख घाली. मास्तरांना ठाऊक नाही, याचा मुलांना काय आनंद होई! पण दुसऱ्या दिवशी त्यांतलीच दोन मुले पुस्तक घेऊन येत, आणि कित्येकदा घरच्या अडचणीही सांगत. एका मुलीने मला आपल्या आजीच्या पायावरच्या जखमेविषयी सांगितले. ती आजी वेळेवर डॉक्टरांकडे पोचली. माझ्या हिशेबात जमेच्या बाजूला एवढी एक रक्कम आहे.

आपल्या घरातही एखादी आत्या असेल. ती आज काहीतरी सांगू पाहत असेल, आणि ते तुम्हांला खुळेपणाचे वाटेल. हसू आले तर आवरा. आधी ऐकून घ्या. तिच्या बोलण्यात एक चूक असेल, पण त्या चुकीच्या मागे एखादी गाठ लपलेली असू शकते.

 कोणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारावे. मी हसणार नाही. आणि मला उत्तर आले नाही, तर ते काय असेल, हे पत्रिकेवर आधीच छापलेले आहे.