चोर कुलूप तोडत नाही, किल्ली मागतो

(ऊर्जानगर, जि. चंद्रपूर येथे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस, ज्वारी, वीज आणि रानडुक्कर या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी मोबाईलवर आणि संगणकावर बोलणार आहे. विषय ऐकूनच मागच्या रांगेतले काही जण मनात म्हणाले असतील, 'हे पगारदारांचे दुखणे. कोरडवाहू कास्तकाराच्या खात्यात असते काय, की चोराने यावे?'

भावांनो, असते. वर्षभर नसते, पण कापसाचा चुकारा जमा होतो त्या दिवशी असते. पगारदाराचे पैसे चोरीला गेले तर पुढल्या महिन्यात त्याचा पगार पुन्हा येतो. आपला चुकारा गेला तर पुढचा यायला वर्ष लागते आणि मधे एक अख्खा पावसाळा असतो. म्हणून या चोरीची भीती पगारदारापेक्षा आपल्याला जास्त असायला हवी.

हा मोबाईल आपण हौसेपोटी घेतला, असेही कोणी म्हणू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, पेरा मोबाईलवर नोंदवा म्हणाले. पीएम किसानच्या दोन हजारांच्या हप्त्याला ई-केवायसी आली. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, असे सांगितले गेले. थोडक्यात, औत, वखर, डवरा यांच्या रांगेत मोबाईल येऊन बसला. घराच्या कोठीचे दार आता मोबाईलमधून उघडते. दार बसवून दिले, पण कडी कशी लावायची ते कोणी शिकवले नाही.

विजेच्या गावात विजेच्या नावाने चोरी

आपण बसलो आहोत ते गाव विजेचे आहे. इथल्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तेव्हा उदाहरणही विजेचेच घेतो.

२०२२ मध्ये राज्यभर वीज ग्राहकांच्या मोबाईलवर एक निरोप फिरत होता. मागच्या महिन्याचे बिल भरल्याची नोंद झालेली नाही, आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा. खाली दहा आकडी नंबर. महावितरणला त्या वर्षी पुन्हा पुन्हा जाहीर करावे लागले की हे निरोप आमचे नाहीत.

त्या निरोपात तीन गोष्टी आहेत, त्या नीट पाहा. पहिली भीती. दुसरी घड्याळ, म्हणजे आज रात्रीच, आत्ताच. तिसरी नंबर, म्हणजे सुटकेची वाट, आणि ती त्यानेच दाखवलेली. भीतीच्या जागी कधी लोभ असतो, लॉटरी लागली, अनुदान मंजूर झाले. पण घड्याळ आणि नंबर मात्र बहुधा असतातच. घाबरलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळाला, तर चोराचे काम होत नाही.

घाबरलेला माणूस त्या नंबरवर फोन करतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो. 'काका, काळजी करू नका, नोंद करून देतो. एक ॲप टाका आणि फक्त दहा रुपये भरा.' ते ॲप पडदा दाखवणारे असते. संगणक दुरुस्त करणारे लोक दुसऱ्या गावातला संगणक पाहायला एनीडेस्कसारखी ॲप वापरतात. औजार वाईट नाही, विळ्याने ज्वारीही कापता येते आणि गळाही. पण ते सुरू केले, की तुमच्या मोबाईलवर जे दिसते ते सगळे त्याला बसल्या जागी दिसते. तुम्ही दहा रुपये भरायला पिन टाकता, तो पिन पाहतो. पाठोपाठ आलेला ओटीपीही पाहतो. मग दहा रुपये राहतात बाजूला, आणि खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा वापराबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. विद्युत कायदा २००३, कलम ५६. बिल थकले म्हणून वीज कापायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री साडेनऊ' हा शब्द कायद्यात नाही. ज्याला हे कलम माहीत आहे, तो त्या नंबरवर फोन करणार नाही. खात्री करायचीच असेल तर बिलावर छापलेला नंबर लावा, किंवा १९१२ लावा. निरोपात आलेला नंबर लावायचा नाही. नेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरावरही भरवसा नको, तिथेही चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. बँकेचा नंबर पासबुकावर असतो.

चार किल्ल्या

एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. घरोघरच्या या चोऱ्यांत चोर बँकेची तिजोरी फोडत नाही. बहुतेक वेळा तो किल्ली मागतो, आणि आपण ती आपल्या हाताने देतो. या किल्ल्या चार.

पहिली किल्ली पिन. पैसे देताना पिन लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. समजा तुम्ही जुना ट्रॅक्टर किंवा बैलजोडी विकायला काढली. दूरचा गिऱ्हाईक फोन करतो, भाव न पाडता घेतो म्हणतो, बयाणा पाठवतो म्हणतो आणि एक चौकोनी कोड पाठवतो. 'हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' बाजारात भाव न पाडणारा गिऱ्हाईक तुम्ही कधी पाहिला का? पिन टाकला, की पैसे तुमच्या खात्यातून निघाले.

दुसरी किल्ली ओटीपी. तो बँकेचा साहेब मागत नाही, तहसीलदार मागत नाही, पोलीसही मागत नाही. सेतू केंद्रात तुमच्या समोर बसून फॉर्म भरणारा मुलगा विचारतो तेव्हाही आधी निरोप वाचून पाहा, ओटीपी कशासाठी आला आहे ते त्यात लिहिलेले असते. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या.

तिसरी किल्ली फाईल. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, ट्रॅफिकचे चलान येते, 'पीएम किसान यादी' येते. शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती पत्रिका नाही, यादीही नाही, ते ॲप आहे. दाबले, की ते मोबाईलमध्ये बसते, तुमचे निरोप वाचते आणि ओटीपी परस्पर चोराकडे पाठवते. ती फाईल ओळखीच्या माणसाच्या नावाने येऊ शकते, कारण आधी त्याचाच मोबाईल बाधलेला असतो. बोंडअळी अशीच एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तिथेही बनवणाऱ्याचे नाव वाचूनच.

संकेतस्थळाचेही असेच. सौर पंपाच्या पीएम-कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली, नोंदणीचे पैसे भरा म्हणाली. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्याबद्दल वारंवार इशारे द्यावे लागले. संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याची युक्ती सांगतो. सुरुवातीच्या नावावर जाऊ नका, तिथे कोणीही 'पीएम किसान' लिहू शकतो. शेवट पाहा. सरकारी पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन' वर संपतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' वर संपणारे पत्ते घ्यायला सांगितले होते. बैल घेताना आपण दात पाहतो, पत्ता घेताना शेपूट पाहायचे.

चौथी किल्ली अंगठा. आधार जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे निघतात, तिथे ना पिन लागतो ना ओटीपी. २०२३ मध्ये कर्नाटक आणि पश्चिम बंगालमध्ये तक्रारी आल्या की जमिनीच्या नोंदणीकृत कागदांवरचे ठसे उचलून खात्यातून पैसे काढले गेले. खरेदीखतावर आपलेही ठसे आहेत. यावर उपाय आहे. आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून ठसे कुलूपबंद करता येतात, त्याला 'बायोमेट्रिक लॉक' म्हणतात. त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. रेशन घ्यायला किंवा केवायसीला जाताना तेवढ्यापुरते उघडायचे. माहिती हवी तर आधारचा नंबर आहे १९४७. पाठ करायला सोपा आहे.

आणखी दोन साध्या सवयी. चुकारा ज्या खात्यात येतो त्या खात्याला मोबाईलवरचे पैसे देणे जोडूच नका. किराणा-भाजीसाठी वेगळे लहान खाते ठेवा आणि त्यात हजार-दोन हजार ठेवा. सगळे बियाणे कोणी एकाच कणगीत ठेवते का? दुसरे, सेतू केंद्रातल्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम झाले, की आपले खाते बंद करून उठा, पासवर्ड तिथे साठवू देऊ नका आणि आधारची झेरॉक्स परत मागून घ्या.

पहिला तास

एवढे करूनही चोरी झाली तर? तर लावायचा नंबर १९३०. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा देशभरचा नंबर आहे. २०२१ मध्ये तो १५५२६० या आकड्याने सुरू झाला, आता १९३० आहे.

हा नंबर काम कसे करतो? तुमचे पैसे चोराच्या घरी एका उडीत जात नाहीत. ते आधी कोणाच्या तरी भाड्याच्या खात्यात जातात, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, आणि शेवटी एटीएममधून निघतात. १९३० वर तक्रार नोंदली, की पैसे ज्या बँकेत पोचले असतील तिला लगेच कळते आणि ते तिथेच अडवता येतात. पण पैसे खात्यात असतील तरच. वाटेत बांध घातला तर पाणी थांबते, नाल्याला लागले की गेले. फोन करताना खाते नंबर, रक्कम, वेळ, व्यवहाराचा नंबर आणि चोराचा नंबर हाताशी ठेवा. त्याचा निरोप रागाने पुसून टाकू नका, तो पुरावा आहे. मग बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

बँकेला लवकर कळवण्याचे दुसरेही कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले, की ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि बँकेचा निरोप आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असेल, तर कळवण्यापर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्यात फायदाच आहे.

लाज हा चोराचा दुसरा साथीदार

आता खरे दुखणे सांगतो. पैसे गेले, की आपल्या घरात माणूस तोंड मिटून बसतो. बाप पोराला सांगत नाही, पोरगा बापाला सांगत नाही, आणि बायको तर नवऱ्याच्या भीतीने आठवडा काढते. तो पहिला तास असा लाजेत जातो. चोराने ज्या वेळेची आशा धरलेली असते, ती आपण त्याला फुकट देतो.

ऊर्जानगरच्या लोकांना वाघ माहीत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये औष्णिक केंद्राच्या हद्दीत वाघाने एका कामगाराचा जीव घेतला. त्या माणसाला कोणी मूर्ख म्हटले का? नाही. सगळे मदतीला धावले. मग ओटीपी सांगून बसलेल्या माणसाला आपण का हसतो? पलीकडे दिवसभर हाच धंदा करणारी टोळी बसलेली असते. तिला डॉक्टर, प्राध्यापक आणि निवृत्त अधिकारीही बळी पडले आहेत. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अरेस्ट' करणारे लोक शिकल्या-सवरल्यांना दिवसचे दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. फसलेला माणूस अडाणी नसतो, तो एकटा सापडलेला असतो.

तरुण पोरांसाठी एक शब्द वेगळा. 'तुझे खाते महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो' असे कोणी म्हणाले तर देऊ नका. चोरीचे पैसे फिरवायला लागणारे भाड्याचे खाते ते हेच. पोलीस आधी तुमच्याच दारात येतील. आपले सिमकार्डही कोणाला देऊ नका.

गावात जाऊन करायचे काम

बैठक संपल्यावर गावी जाऊन एवढे करा. ग्रामपंचायतीच्या आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर ठसठशीत लिहा: 'पैसे गेले? लगेच १९३०.' कापसाचे चुकारे सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढून चार किल्ल्या घरच्या बाईमाणसांना आणि म्हाताऱ्यांना समजावून सांगा, कारण चोराचा फोन बहुधा तेच उचलतात. गावातली दोन शिकलेली पोरे नेमा, एक मुलगा आणि एक मुलगी. कोणालाही संशयाचा निरोप आला तर उत्तर देण्याआधी त्यांना दाखवायचा. आणि कोणी फसलाच, तर त्या घरी जाऊन हसायचे नाही. आधी १९३० लावून द्यायचा, मग काय चुकले ते शांतपणे विचारायचे आणि सगळ्या गावाला सावध करायचे.

पीक रानात उभे असते तेव्हा आपण आळीपाळीने जागल करतो. एकट्याच्या जागलीने रान राखले जात नाही. तेच पीक पैसे होऊन खात्यात गेले, की मात्र जो तो आपापल्या घरी झोपतो. यंदा चुकाऱ्याच्या दिवसांत खात्याचीही जागल सगळ्यांनी मिळून करू या.