गोरेगावची वाट आणि अमेरिकेने टाकून दिलेला कायदा

(औंध येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औंधात बसून अमेरिकेविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. ते प्रयोजन शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ज्या खटाव तालुक्यात हे औंध आहे, त्याच तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव बांधावयास घेतला होता आणि त्या कामावर सुभेदार रामजी रोखपाल होते. १९०१ साली त्यांना भेटावयास निघालेली त्यांची मुले मसूर स्टेशनावर उतरली. त्यांत बालवयातील बाबासाहेबही होते. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास राजी होईना. अखेर सौदा ठरला तो असा : भाडे दुप्पट द्यावयाचे, गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावयाचे. जवळ शिदोरी होती, परंतु पाणी देणारा कोणी भेटला नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे आणि आपणांपैकी अनेकांना ती पाठ आहे.

मी ती वकिलाच्या दृष्टीने वाचतो. त्या दृष्टीने पाहता तिच्यातील सर्वांत भयंकर गोष्ट ही की, त्या गाडीवानाने त्या दिवशी कोणताही कायदा मोडला नव्हता. ज्याने पाणी नाकारले त्यानेही मोडला नव्हता. फिर्याद करावयाची म्हटली असती तरी ती कोणत्या कलमाखाली करावयाची?

तसे कलम जगात एका ठिकाणी लिहिले गेले होते. यादवी युद्धानंतर अमेरिकेने घटनेत तीन दुरुस्त्या केल्या. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण दिले आणि पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताचा हक्क नाकारण्यास बंदी केली. त्यापाठोपाठ १ मार्च १८७५ रोजी तेथील काँग्रेसने नागरी हक्कांचा कायदा संमत केला. खाणावळी, नाट्यगृहे, जमिनीवरील व पाण्यावरील प्रवासी वाहने यांत निग्रोंना (त्या काळी हाच शब्द रूढ होता) मज्जाव करणे त्या कायद्याने गुन्हा ठरविले. मसूरच्या गाडीवानाला जो कायदा लागू पडला असता, तो हाच.

हा कायदा आठ वर्षे जगला. १८८३ साली तेथील सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरविला. कोर्टाचे म्हणणे असे की, चौदावी दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खाजगी माणसाचे नव्हे. खाणावळवाल्याने दार लावले तर तो त्याचा व गिऱ्हाईकाचा आपसांतील मामला झाला. नऊ न्यायाधीशांपैकी एकट्या हार्लन यांनी विरुद्ध मत नोंदविले.

यानंतर अमेरिकेत जो काळ आला, त्याला इतिहासकार उद्योगयुग व सुधारणायुग म्हणतात. सुधारणा खऱ्या होत्या, हे मी नाकारीत नाही. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १९११ साली १४६ कामगार, बहुतेक तरुण मुली, आगीत मेले आणि त्यानंतर कारखान्यांचे कायदे सुधारले. १९१३ साली घटनादुरुस्तीने प्राप्तिकराचा मार्ग मोकळा झाला आणि सिनेटची निवडणूक लोकांच्या हाती आली. १९२० साली स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. परंतु त्याच चौदाव्या दुरुस्तीचे कोर्टाने काय केले ते पाहा. १८९६ साली कोर्टाने सांगितले की, आगगाडीत काळ्यांना वेगळा डबा दिला म्हणजे समतेचा भंग होत नाही. आणि १९०५ साली, बेकरीतील कामगारांना दिवसास दहा तासांहून अधिक राबवू नये असा न्यूयॉर्कचा कायदा याच दुरुस्तीचा आधार घेऊन रद्द केला, कारण म्हणे त्याने कराराच्या स्वातंत्र्याचा भंग होतो! गुलामाच्या मुलासाठी शिवलेला अंगरखा कारखानदाराने घातला आणि मुलगा उघडाच राहिला.

दक्षिणेतील संस्थानांना १८७७ नंतर मोकळे रान मिळाले होते. मिसिसिपीने १८९० साली नवी घटना करून मतदानावर पट्टी बसविली आणि साक्षरतेची कसोटी लावली. त्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. तसा तो करण्याची गरजही नव्हती.

घरी असा न्याय असता राष्ट्र बाहेर पसरू लागले. १८९८ साली स्पेनशी युद्ध झाले. क्युबाला मुक्त करावयाचे म्हणून सुरू झालेल्या त्या युद्धाच्या अखेरीस पोर्तोरिको, ग्वाम व फिलिपाइन्स अमेरिकेच्या पदरात पडले. ज्या फिलिपिनो लोकांनी स्वातंत्र्य मागितले, त्यांच्याशी पुढे काही वर्षे तिने लढाई केली. क्युबाच्या रणांगणावर काळ्यांच्या पलटणी लढल्या होत्या. त्या मायदेशी परतल्या त्या वेगळ्या डब्यात बसण्यासाठी.

लष्कराची ही कथा आपल्या कानाला अपरिचित नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली ती मोडून टाकली. अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी त्याच महायुद्धात उतरली. जग लोकशाहीसाठी सुरक्षित करावयाचे, असे अध्यक्ष विल्सन सांगत होते. याच विल्सन यांच्या कारकीर्दीत १९१३ पासून वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबले वेगळी झाली होती. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतून उभी राहिलेली काळ्यांची पलटण फ्रेंचांच्या हुकमतीखाली लढली आणि फ्रेंचांकडून शौर्यपदके घेऊन १९१९ च्या फेब्रुवारीत परतली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शिकागोसह अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले.

बाबासाहेब १९१३ पासून १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेम तेथून अगदी लगत आहे. प्राध्यापक ड्यूई यांच्यासारखे सुधारणायुगाचे श्रेष्ठ आचार्य त्यांना तेथे लाभले, आणि त्या सुधारणेची मर्यादाही त्यांना पुढे अचूक हेरता आली. १९४६ साली त्यांनी निग्रोंचे पुढारी डॉ. डुबॉइस यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंच्या वतीने जावयाच्या अर्जाची प्रत मागितली होती. त्यांचा हा अभ्यास किती नेमका होता, ते त्यांच्या १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनावरून कळते. रस्ते, विहिरी, तळी, वाहने, नाट्यगृहे यांत मज्जाव करणे हा गुन्हा ठरवा, अशी मागणी त्यात आहे. तिच्या आधारादाखल त्यांनी अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांचा हवाला दिला आहे. जो कायदा अमेरिकेच्या कोर्टाने चौसष्ट वर्षांपूर्वी केराच्या टोपलीत टाकला होता, तो बाबासाहेबांनी तेथून उचलला!

तो का उचलला, याचे उत्तर महाडला आहे. चवदार तळे नगरपालिकेने सर्वांस खुले केलेच होते. सरकारचा अडथळा नव्हता, अडथळा होता गावाचा. म्हणजे सरकारचे हात बांधून आमचे काम भागत नव्हते. शेजाऱ्याचा हात धरावा लागणार होता. हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले.

आता या औंधाकडे येऊ. ७२ गावांच्या या संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना उभा राहिला. उद्योगयुग असे आपल्याही दारी आले. नंतर १९३९ साली राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना दिली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता आणि बॅरिस्टर आप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांची खटपट होती. संस्थानिक आपले अधिकार घट्ट धरून बसले असताना एका राजाने ते खाली ठेवले, याचे मोल मी कमी मानीत नाही. परंतु त्या रचनेचा पाया ग्रामपंचायत होता. कारभारही तिचा आणि गावातील तंट्यांचा निवाडाही गावाचाच. महारवाड्याची तक्रार जर गावाविरुद्धच असेल, तर ती कोणापुढे न्यावयाची? मिसिसिपीनेही स्थानिक स्वराज्याचीच भाषा केली होती. हेतू वेगळे होते, हे खरे. औंधचा हेतू निर्मळ होता. परंतु अल्पसंख्य माणूस बहुसंख्य शेजाऱ्याच्या स्वाधीन होण्यास दुष्ट हेतूची गरज लागत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत गाव हा घटक नाकारून व्यक्ती हा घटक स्वीकारल्याचे समाधान व्यक्त केले, तेव्हा पुष्कळ सभासद रुष्ट झाले. औंध संस्थान त्याच वर्षी मुंबई राज्यात विलीन झाले होते.

घटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तळी खुली केली. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ती खाजगी माणसाविरुद्धही. वाहनांचा उल्लेख १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याच्या चौथ्या कलमात आला. म्हणजे मसूरच्या गाडीवानावर फिर्याद करता येईल असे कलम ५४ वर्षांनी मिळाले. अमेरिकेस आपला टाकलेला कायदा नव्या रूपाने परत आणण्यास १९६४ साल लागले. १९७६ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याचे नावही ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे झाले.

याच कायद्यात धर्मांतरितांशी संबंध असलेली एक गोष्ट आहे. तिच्याविषयी आपल्या वस्त्यांत अजून गैरसमज आढळतो. चौथे कलम कोणाही व्यक्तीस संरक्षण देते. तिचा धर्म विचारीत नाही. परंतु बारावे कलम असे की, गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे कोर्टाने गृहीत धरावे. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. आमच्या बांधवांनी १९५६ साली धम्मदीक्षा घेतली आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ते केंद्राच्या यादीबाहेर पडले. विहीर तीच, शेजारी तोच, शिवीही तीच. पण गृहीतक गेले. ते परत मिळाले १९९० साली, आदेशात बौद्धांचा समावेश झाला तेव्हा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे दारही त्यामुळेच आपणांस उघडले.

म्हणून दाखला काढताना धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे आणि अनुसूचित जातीची नोंद वगळू नये. अभिमानाने केवळ ‘बौद्ध’ एवढेच लिहून आलेली कागदपत्रे माझ्यासमोर वारंवार येतात. फिर्याद देताना हा दाखला सोबत जोडावा, आणि पोलीस ठाण्यातून फिर्यादीची प्रत घेतल्याशिवाय उठू नये. ती विनामूल्य देणे ठाण्यावर बंधनकारक आहे.