जॅझ गायिकेची उपज

जॅझ म्हणजे ऐन वेळी सुचेल ते गाणे, असा समज रूढ आहे. तो खोटा नाही. परंतु ऐन वेळी सुचावे, यासाठी जी विद्या लागते ती ख्यालगायकीइतकीच कष्टसाध्य आहे.

जॅझ गायकांच्या आवडीची पुष्कळशी गीते बत्तीस बारांच्या चौकटीत बसविलेली असतात. एकेक बार बहुधा चार मात्रांचा. चौकट पुरी झाली की तालाच्या आवर्तनाप्रमाणे ती पुन्हा पहिल्यापासून फिरते. भेद आहे तो आधारस्वराचा. ख्यालगायकाच्या पाठीशी तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो. येथे मात्र कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, ठरलेल्या क्रमाने बदलत जातात. आता गोड लागलेला स्वर पुढच्याच बारात खुपू लागतो. पियानोवादकापुढे पट्ट्या असतात. गायिकेपाशी केवळ कान. म्हणून तिचा पहिला पाठ ऐकण्याचा. मूळ चाल मुखोद्गत करावयाची, तिच्याखालचे खर्जाचे स्वर गाऊन पाहावयाचे, मग थोर वादकांचे तुकडे ध्वनिमुद्रिकांवरून जसेच्या तसे गळ्यात उतरवावयाचे. शब्द सोडून निरर्थक अक्षरांनी गाण्याची, ‘स्कॅट’ नावाची रीत यानंतरची. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२६ सालच्या ‘हीबी जीबीज’ने ती लोकप्रिय केली.

एला फिट्झजेरल्ड या गायिकेची साधना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९३४ साली न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या अपोलो रंगमंदिरात ही सतरा वर्षांची मुलगी हौशी कलावंतांच्या स्पर्धेत नाचावयास म्हणून आली, ऐन वेळी गायली आणि जिंकली. १९३८ मध्ये तिची मुद्रिका अमेरिकाभर गाजली. तरीही १९४६च्या सुमारास ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी याच्या वाद्यवृंदाबरोबर हिंडताना ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. बीबॉप ही तेव्हाची नवी, वेगवान आणि वळणावळणांची शैली होती. शिंगवाद्यांतून जे ऐकू येई, तेच ती गळ्यातून काढू पाही. १९४७ सालच्या ‘ओ लेडी, बी गुड’मध्ये त्या परिश्रमांचे फळ ऐकू येते.

त्या विद्येची कसोटी १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनमध्ये लागली. सहस्रावधी श्रोत्यांपुढे ‘मॅक द नाइफ’ गाताना ती पुढचे शब्दच विसरली. वाद्ये तर चालूच होती. तिने शब्द विसरल्याची कबुलीच चालीत गुंफली, मध्येच आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या स्वराची नक्कल केली, आणि गीत शेवटास नेले. त्याच गायनाला पुढे ग्रॅमी पारितोषिक लाभले.

हे केवळ हजरजबाबीपणाने साधले नाही. शब्द निसटले तरी चाल, ताल आणि कॉर्डचा क्रम तिच्या कानात पक्के होते; म्हणून नवे शब्द कोठे बसवावेत हे तिला शोधावे लागले नाही. जॅझ शिकू पाहणाऱ्या गायिकेने प्रथम मिळवावयाचे ते हेच. उपज त्यामागून येते.