सेवा करणाऱ्यांची पाठ



छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, आपल्या सीपीआरमध्ये, आपण रुग्ण विश्वासाने सोपवतो. त्याला उचलणाऱ्या परिचारिका व वॉर्डबॉय यांच्या कंबरेचा विचार मात्र क्वचितच होतो. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मते रुग्ण उचलताना एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोंहून अधिक भार नसावा. ६० किलोंचा रुग्ण दोघांनी उचलला, तरी वाट्याला ३० किलो येतात. शिवाय तो कापडाच्या गाठीसारखा स्थिर नसतो. वाकून, कंबर पिळून उचलताना मणक्यावरील ताण वाढतो. उंची बदलणारी खाट आणि रुग्णाला सरकवण्याची गुळगुळीत चादर हा भार हलका करतात. चादर म्हणजे अखेर कापडच! रुग्णालयास देणगी देताना या साधनांचेही स्मरण ठेवावे, ही नम्र विनंती.